दर मंगळवारी सकाळी दहा वाजता

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास ताईच्या फोनवर नोटिफिकेशन यायचं. स्क्रीनवर एकच ओळ असायची : 'भेट बाकी : ०१७'. लाल रंगात, कारण ठरलेली भेट चुकली की ओळ लाल करायची, असं मीच ठरवलं होतं. पुढच्या मंगळवारी पुन्हा तीच ओळ.

०१७ हा माणूस जुलैमध्ये गेला होता. ताईने स्वतः ॲपमधली त्याची नोंद उघडून 'स्थिती' या रकान्यात 'मृत' हा पर्याय निवडला होता. पर्यायांची ती यादी मी बनवली होती. सक्रिय, स्थलांतरित, तुरुंगात, संपर्क तुटला, मृत. पण 'मृत' निवडल्यावर आठवण बंद करायची असते, हे कोड लिहिताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ताईने हे मला सात आठवडे सांगितलं नाही. शेवटी सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही. कात्रज चौकात रिक्षा अडकली होती, पाऊस होता, आणि ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "तुझं ॲप मला दर मंगळवारी त्याच्याकडे पाठवतं रे. बंद करता येईल का बघ. नाही आलं तरी चालेल."

त्या 'चालेल'ने मला नीट झोप लागली नाही. बग दहा मिनिटांत दुरुस्त झाला. पण त्यानिमित्ताने जे डोक्यात सुरू झालं, ते अजून थांबलेलं नाही.

ताई माझी आत्तेबहीण. गेली चार वर्षं आमच्याकडेच राहते, कारण स्वारगेटहून कात्रजला बस कधीही मिळते आणि तिला परवडेल असं दुसरं घर शहरात कुठे मिळत नाही. इंजेक्शनने नशा करणाऱ्या माणसांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत ती आउटरीच वर्कर आहे. माझ्या आईला हे काम नातेवाइकांना समजावून सांगता येत नाही, म्हणून ती 'एनजीओमध्ये आहे' एवढंच सांगते.

खरं तर काम समजायला अवघड नाही, निदान कात्रजकरांना तरी. नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत महामार्गाला सलग उतार आहे. डिझेल वाचवायला काही ड्रायव्हर गाडी न्यूट्रलवर टाकतात, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्यांना धडक दिली, ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. आता ड्रायव्हरांनी न्यूट्रल करू नये हे बरोबरच. पण काहीजण करणारच आहेत, हे धरून तिथे रम्बलर पट्ट्या बसवल्या जातात, वेगमर्यादा कमी केली जाते, कॅमेरे लागतात. रम्बलर पट्टी ड्रायव्हरला सुधारत नाही. तो सुधारेपर्यंत त्याने आणि बाकीच्यांनी जिवंत राहावं, एवढीच तिची अपेक्षा. (हेल्मेटचंही तेच आहे, पण पुण्यात हेल्मेटचा विषय काढला की मूळ मुद्दा बाजूला राहतो.)

ताईचं काम त्या पट्टीसारखं आहे. नशा करणाऱ्याला नवी सुई-सिरिंज द्यायची, जुनी परत घ्यायची, म्हणजे एकाची सुई दुसऱ्याने वापरून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस पसरणार नाही. हातापायांवरचे गळू धुवायचे, ड्रेसिंग करायचं. तपासणीला घेऊन जायचं. तयार असेल त्याला ओएसटीशी जोडून द्यायचं. म्हणजे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, जी रोज केंद्रावर येऊन कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवायची, मग सुईची गरज कमी होते. 'आधी नशा सोड, मग मदत करतो' ही अट नाही. मराठी वाचकाला व्यसन म्हटलं की १९८६मध्ये अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी सुरू केलेलं मुक्तांगण आठवतं. तो रस्ता व्यसन सोडायला निघालेल्यांचा आहे, आणि तो हवाच. ताईची माणसं अजून निघालेली नाहीत. काही कधीच निघणार नाहीत.

हे सरकारच्या नजरेआड चाललेलं काम नाही. १९८४मध्ये ॲमस्टरडॅममध्ये नशा करणाऱ्यांच्याच संघटनेच्या पुढाकाराने सुया बदलून द्यायला सुरुवात झाली. आपल्याकडे मणिपूर, दिल्ली, मुंबई इथे नव्वदच्या दशकात असं काम उभं राहिलं, आणि आज ते राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचाच भाग आहे. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं बाविसावं कलम सांगतं, की संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी केलेले असे उपाय गुन्हा ठरत नाहीत. कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. पण रात्री आठ वाजता पुलाखाली बॅगेतल्या सिरिंजा बघून हवालदार आवाज चढवतो, तेव्हा त्याला कलम वाचून दाखवणं हेही ताईचंच काम असतं.

मी रविवारी फुकटात त्यांचं ॲप बनवून दिलं. आधी सगळं कागदावर चालायचं, महिनाअखेरीला रात्र रात्र एक्सेल भरणं चालायचं. मला वाटलं, याने यांचा ताण कमी होईल. काही अंशी झालाही. मग जुलै आला.

०१७ अठ्ठावीस वर्षांचा होता, माझ्याच वयाचा. दीड वर्ष ताई त्याला भेटत होती. ओएसटीवर चार महिने नियमित होता, मग सुटला. जास्त डोस झाला तेव्हा जवळ कुणी नव्हतं. नॅलोक्झोन नावाचं औषध वेळेत दिलं तर बंद पडत चाललेला श्वास परत येऊ शकतो, पण ते द्यायला कुणीतरी शेजारी असावं लागतं. सरकारी रुग्णालयात ओळख पटवायला घरचं कुणी आलं नाही, ताई गेली. शवागाराबाहेर तीन तास थांबली. तिथून ऑफिसला परतून तिने मासिक अहवाल पूर्ण केला, कारण ती तीस तारीख होती.

आमच्या कंपनीत सर्व्हर पडला तर दुसऱ्या दिवशी त्याचं 'पोस्टमॉर्टेम' होतं. खरंच हाच शब्द वापरतो आम्ही. काय झालं, का झालं, यावर सगळी टीम बसते. कुणा एकाला दोष द्यायचा नाही असा नियम असतो. आणि रात्रभर जागलेल्याला दुपारपर्यंत सुट्टी मिळते. दोन तास एका शॉपिंग साइटवरचं पेमेंट अडलं, यासाठी. ताईने त्या दिवशी खरोखरच्या पोस्टमॉर्टेमच्या दाराबाहेर उभं राहून सही केली, आणि त्यावर कुणाची बैठक झाली नाही.

दोन आठवड्यांनी संस्थेत ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा झाली. दीर्घ श्वास, डोळे मिटून शांत जागेची कल्पना, आणि शेवटी वडापाव. ताई घरी येऊन हे सांगत होती आणि मी भडकलो. कारण हेच नाटक आमच्याकडेही होतं. डेडलाइन तीच, माणसं कमी, आणि शुक्रवारी दुपारी माइंडफुलनेस.

माझा मुद्दा मला बिनतोड वाटत होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये बर्नआउटला आजारांच्या वर्गीकरणात जागा दिली, पण आजार म्हणून नव्हे, कामाशी संबंधित घटना म्हणून. त्याची व्याख्या सांगते, की कामाच्या जागी सतत राहिलेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून तो येतो. 'हाताळल्या न गेलेल्या'. कुणी हाताळला नाही? वाक्यात कर्ताच नाही. आणि कर्ता नसला की कार्यशाळेत बसवलेली बाई आपोआप कर्ता होते : तिचा ताण, तिने हाताळायचा. श्वास तिने घ्यायचा.

ताईला मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला तेव्हाच वाचायला मिळाली होती. बर्नआउट या शब्दाला मानसशास्त्रात आणलं हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, १९७४मध्ये. ते दिवसभर स्वतःच्या दवाखान्यात बसायचे आणि संध्याकाळपासून न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात, जिथे नशा करणारी तरुण मुलं यायची. हा शब्द तेव्हा रस्त्यावर नशेने पोखरून गेलेल्यांसाठी वापरला जायचा. फ्रॉइडेनबर्गर यांनी तो त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांना लावला, स्वतःसकट. आज आम्ही आयटीवाले मीटिंग लांबली तरी 'बर्नआउट झालो' म्हणतो. शब्द मूळचा ताईच्या कामाचा आहे, ही गोष्ट तिला आवडली. बाकीचं माझं भाषण नाही आवडलं.

"म्हणजे कार्यशाळा नको म्हणतोस?"

"नकोच. ही मलमपट्टी आहे. मूळ कारणाला हात न लावता तुम्हाला सहन करायला शिकवतात. उलट त्याने व्यवस्था टिकते."

ती हसली. "अरे, आम्हाला लोक हेच म्हणतात. सुया वाटता म्हणजे नशा टिकवता. मूळ कारणाला हात लावा."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही, म्हणून तर लिहितोय. गरिबी, घरातली मारहाण, बेरोजगारी संपेपर्यंत माणसाने घाणेरड्या सुईने मरावं का, या प्रश्नाला माझं उत्तर ठाम 'नाही' असं होतं. मग संस्थांचा निधी वेळेवर येईपर्यंत, माणसं वाढेपर्यंत, ताईने एक दीर्घ श्वासही घेऊ नये, असं मी कोणत्या तोंडाने म्हणत होतो? जी सवलत मी नशा करणाऱ्याला द्यायला तयार होतो, ती त्याच्यासाठी धावणाऱ्या बाईला नाकारत होतो. वर हे सगळं तिच्या बाजूने बोलतोय असं समजून.

तरीही माझ्या रागात काहीतरी खरं होतं असं मला वाटतं, आणि ते कुठे होतं हे शोधायला मला वेळ लागला. ताई सुई देते तेव्हा ती 'आता तू बरा झालास' असं म्हणत नाही. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा सुई मागायला आला तर 'मागच्या वेळी दिली होती ना' म्हणून हाकलत नाही. कार्यशाळा देणारे मात्र हेच करतात. कार्यशाळा झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या, आता ताण संपला असं गृहीत. यापुढे कुणी रडलं तर तो तिचा कच्चेपणा. श्वासाच्या व्यायामात काही वाईट नाही. तो दिल्याबद्दल पावती मागतात, ते वाईट आहे.

याहून अवघड प्रश्न गुंतण्याचा आहे. ताईला भेटेल तो माणूस एकच सल्ला देतो : 'एवढं गुंतू नकोस.' आमचे एक काका यासाठी गीता सांगतात, फळाची अपेक्षा न ठेवता कर्म. ताई एकदा त्यांना म्हणाली, "काका, कृष्णाने अर्जुनाला महिन्याचं टार्गेट दिलं नव्हतं." पण सल्ला साधा वाटला तरी तो काय मागतो हे बघा. पूर्ण सोडून दे, म्हणतो. जीव लावणं बंद. म्हणजे ज्या माणसांना ती 'आधी सोड' असं कधी म्हणत नाही, त्यांच्याबद्दलची माया तिने मात्र आधी सोडावी. आणि ती सोडून हे काम होतं का? ०१७ चार महिने गोळीला येत राहिला, तो ब्युप्रेनॉर्फिनसाठी जितका, तितकाच कुणीतरी नावाने हाक मारतं म्हणून. (ॲपमध्ये नाव ठेवायचं नाही, गोपनीयता. म्हणून मला तो फक्त आकड्याने माहीत आहे. ताईने मला त्याचं नाव सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.)

ताईपेक्षाही अवघड जागी पिअर असतात. पिअर म्हणजे स्वतः त्या आयुष्यातून आलेले, आता त्याच माणसांसाठी काम करणारे. त्यांना 'काम घरी आणू नका' हे सांगण्यात अर्थ नाही, कारण त्यांचं घर तिथेच आहे. जो मेला तो त्यांचा जुना सोबती असतो, आणि ज्या सुईने मेला ती त्यांच्या ओळखीची. त्यांना जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. आशाताईंनाही मानधनच. २०२१च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या शब्दातला 'मान' बहुतेक वेळा 'धन' कमी आहे हे झाकायला असतो.

एका पिअरची गोष्ट ताईने सांगितली. तीन वर्षं सुई न घेतलेला माणूस. एका आठवड्यात दोन ओळखीचे गेले, आणि त्याने पुन्हा घेतली. त्याने स्वतः येऊन सांगितलं. त्याला कामावरून कमी केलं. दुसऱ्या दिवशी त्याच केंद्रात त्याची नोंद झाली, लाभार्थी म्हणून. लाभार्थी म्हणून त्याला कुणी एका शब्दाने बोललं नाही, ड्रेसिंग झालं, चहा मिळाला. तो पाय घसरलेला कर्मचारी होता तोवर त्याला माफी नव्हती. संस्थेचीही बाजू आहे, मला कळतं : औषधाची चावी हातात असलेल्याबद्दल नियम लागतातच. पण त्याला दोन महिने चावीपासून दूर ठेवून मानधन चालू ठेवता आलं नसतं का, हा प्रश्न ताईने बैठकीत विचारला. उत्तर आलं की तशी तरतूद बजेटमध्ये नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४मध्ये परिचारिकांबद्दल लिहिताना एक वेगळा त्रास ओळखला : काय करणं योग्य हे ठाऊक असतं, पण संस्थेच्या चौकटीत ते करणं जवळपास अशक्य असतं. थकण्यापेक्षा हे निराळं. थकलेला माणूस झोपून उठतो. सांगलीत 'संग्राम' १९९२पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम करते आहे. आपल्याकडे सरकारने एआरटीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली एप्रिल २००४मध्ये. मधल्या वर्षांत कंडोम वाटत फिरणाऱ्या बायकांना ठाऊक असणार, की औषध जगात आहे, फक्त आपल्या मैत्रिणीपर्यंत पोचत नाही. कोणता श्वासाचा व्यायाम यावर चालेल? तिथल्या बायकांनी १९९६मध्ये स्वतःची संघटना उभी केली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. तिचा उद्देश ताण-व्यवस्थापन हा अर्थातच नव्हता. पण अपमान झाला तर एकटीने गिळायचा नाही, सगळ्यांनी मिळून पोलीस ठाण्यात जायचं, याने ताणाचं काय होत असेल याचा विचार मी करतो. ताईच्या संस्थेत संघटना नाही. सातजण आहेत, आणि दरवर्षी करार नवा होतो.

मग काय करायचं, असं मी इंजिनिअर म्हणून विचारणारच. ताईने मला एक यादी दिली होती, चिडून, बोटांवर मोजत. पुलाखाली एकटीला पाठवू नका. कुणी गेलं तर दुसऱ्या दिवशी भरपगारी सुट्टी, अर्ज न करता. अहवालाची तारीख त्या आठवड्यात पुढे ढकला. पैसे महिन्याच्या महिन्याला द्या, तीन महिन्यांनी एकदम नको. बाहेरचं कुणीतरी असावं जिच्याशी बोलता येईल, आणि ती व्यक्ती आमची वरिष्ठ नसावी. यातलं एकही ॲपने होत नाही, हे मला ऐकताना टोचलं.

तरी मी प्रयत्न केला. 'मृत' निवडल्यावर एक नवी स्क्रीन बनवली : 'आज तुमच्यासोबत कुणी आहे का?' ताईने बघितलं आणि म्हणाली, "हे काढ. हा प्रश्न माणसाने विचारायचा असतो." बरोबर होतं. ते काढून मी दुसरं केलं. आता 'मृत' नोंदलं, की निरोप वरिष्ठांच्या फोनवर जातो : आज यांना फोन करा. पहिल्या वेळी त्यांनी फोन केला, वीस मिनिटं बोलले. दुसऱ्या वेळी फोन न करताच 'झाले' वर टिक केलं. मला लॉगमध्ये दिसतं. त्यांच्यावर तरी मी काय रागावणार, त्यांच्याकडे अशी तीन केंद्रं आहेत आणि त्यांना फोन करणारं कुणी नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. बग दुरुस्त झाल्यावर मी ताईला म्हणालो, सात आठवडे सांगितलं का नाहीस? एक मेसेज टाकायचा. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "ऑफिसात त्याचं नाव कुणी काढत नव्हतं रे. तुझं ॲप तरी काढायचं."

आता मंगळवारी दहाला तिचा फोन वाजत नाही. त्याऐवजी ती, दोन पिअर आणि ड्रेसिंग करणारी नर्स केंद्राशेजारच्या टपरीवर पंधरा मिनिटं बसतात आणि गेलेल्यांपैकी एकाबद्दल बोलतात. काहीही, तो किती उधार मागायचा, कुठलं गाणं म्हणायचा. संस्थेने हे सुरू केलेलं नाही, अहवालात याला रकाना नाही. मागच्या मंगळवारी पावसामुळे कात्रजची बस चाळीस मिनिटं उशिरा आली आणि ताई पोचलीच नाही. तिघं तिच्यासाठी थांबले, चहा गार झाला, आणि मग कुणीच काही बोललं नाही, असं रात्री ती वैतागून सांगत होती.